समुद्रसिंहांनी अडवलेली पुळण

मालवण-देवगडकडची जी मंडळी हे ऐकत असतील, त्यांना पुळण म्हणजे काय हे सांगायला नको. घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो. समुद्राकाठी वाळूचा जो पट्टा असतो, जिथे होड्या वर ओढून ठेवतात आणि संध्याकाळी पोरेबाळे खेळतात, ती पुळण. पावसाळ्यात ती आपोआप बंद होते. होड्या शाकारून ठेवल्या जातात आणि पाण्यात उतरण्याचे नाव कोणी काढीत नाही. पण ते बंद करणे असते वाऱ्याचे आणि लाटेचे. वेळासला कासवांच्या अंड्यांसाठी वाळूत थोडे कुंपण घालतात तेवढे सोडले, तर जनावरांमुळे सबंध पुळणच माणसांना बंद झाली, असे आपल्याकडे काही ऐकिवात नाही.

तशी बंद झालेली एक पुळण मी पाहिली. ती इथली नव्हे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया म्हणून राज्य आहे, त्यात मॉन्टरे नावाचे जुने बंदर आहे, आणि त्या गावात सान कार्लोस नावाची एक लहानशी पुळण आहे. माझी भाची त्या राज्यात नोकरीला असते. तिला समुद्रात बुडी मारण्याचा नाद आहे. पाठीला हवेचे नळकांडे बांधून, तोंडात नळी धरून पाण्याखाली हिंडतात, ती बुडी. तारकर्लीला पर्यटक करतात तीच. फक्त तिथले पाणी आपल्यासारखे कोमट नाही. २०२४ सालच्या सप्टेंबरच्या आरंभी मी तिच्याकडे होतो. "मामा, पाण्याखालचं तुम्हांला दाखवता येणार नाही, निदान काठावरची गंमत तरी बघा," असे म्हणून ती मला भल्या पहाटे तिकडे घेऊन गेली.

गंमत लांबूनच कळली. आधी आवाज आला. गावातली सगळी कुत्री एकाच वेळी भुंकायला लागली तर कसे होईल, तसा. मग वास आला. सुक्या मासळीच्या बाजारातून भर उन्हाळ्यात दुपारी जो गेला असेल त्याला त्या वासाची कल्पना येईल, आणि तरीही ती थोडी कमीच पडेल. आणि मग दिसले ते कुंपण, कुंपणावर पाटी, आणि पलीकडे वाळूवर अंगाला अंग लावून, काही तर एकमेकांच्या अंगावर मान टाकून, निजलेली तपकिरी धुडे. वाळू अशी दिसतच नव्हती. ऑगस्टच्या अखेरीस या पुळणीवर हजाराहून अधिक जनावरे चढून बसली होती, आणि गावच्या नगरपालिकेने ती लोकांना बंद केली होती.

हे जनावर म्हणजे सी-लायन. आपण त्याला समुद्रसिंह म्हणू. पुस्तकांत पुष्कळदा सील आणि समुद्रसिंह यांची गल्लत होते, म्हणून शिक्षक मंडळींसाठी खूण सांगून ठेवतो. समुद्रसिंहाला बाहेरून दिसणारे इवलेसे कान असतात. सीलच्या डोक्याला नुसते भोक. समुद्रसिंह मागचे वल्ह्यासारखे पाय अंगाखाली वळवून घेतो आणि चक्क चालतो, खडकही चढतो. सीलला ते साधत नाही, तो पोटावर सरपटतो. नर वाढून साडेतीन क्विंटलपर्यंत जातो, म्हणजे आपला गावठी बैल काही त्याहून जड भरायचा नाही. मादी मात्र लहान, क्विंटलभराची. मॉन्टरेला येतात ते बहुतेक नर.

नरच का, याचे उत्तर मोठे मजेचे आहे. या जनावरांची वीण दक्षिणेकडच्या चॅनेल बेटांवर होते. त्यांतले सान मिगेल हे बेट मॉन्टरेपासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. जून-जुलैत तिथे पिले जन्मतात. मोठा नर वाळूचा एक तुकडा धरून बसतो आणि दुसऱ्या नराला आत येऊ देत नाही. जागा सोडली की गेली, म्हणून तो पाण्यात शिकारीला जातच नाही. कित्येक दिवस, कधी कधी तीन-चार आठवडे, अंगातल्या चरबीवर काढतो. विणीचा हंगाम संपला की माद्या पिलांना पाजत तिथेच राहतात, आणि हे रोडावलेले नर उत्तरेकडे निघतात. वाटेत जिथे मासळी भरपूर, तिथे मुक्काम. मॉन्टरेच्या उपसागरात तारली आहे, काटीच्या जातीची बारीक मासळी आहे, माकुल आहे. पोटभर खावे, किनाऱ्यावर चढून अंग सुकवावे आणि झोपावे, एवढाच त्यांचा तिथला उद्योग. माणसाला ते आळशीपण वाटते. पण त्यांच्या हिशेबाने पाहिले, तर उपास सोडून महिनाभराची भूक भरून काढणारा तो पाहुणा आहे.

त्या पुळणीला लागूनच लाटा अडवणारा दगडांचा एक लांब बांध आहे. त्याच्या टोकाच्या खडकांवर समुद्रसिंह नेहमीच असतात, आणि लोक जाळीआडून त्यांना बघत उभे राहतात. तिथवर सगळे ठीक होते. २०२४ साली खडक पुरेनात, आणि मंडळी पुळणीवर उतरली.

आता माणसांचे काय अडले ते बघू. ही पुळण बुडी शिकणाऱ्यांची शाळा आहे. एरवी शनिवार-रविवारी उजाडता उजाडता तिथे गाड्या लागतात. रबराचा जाड पोशाख, कमरेला शिसे, पाठीला नळकांडे, असे पंचवीस-तीस किलोंचे ओझे घेऊन माणसे वाळूतून चालत पाण्याकडे जातात. लाटेतून ओझ्यासकट आत शिरायचे, आणि परत येताना दमलेल्या पायांनी बाहेर पडायचे, ही खरी परीक्षा. आपल्या कोळ्याला हे सांगायला नको. मोठ्या लाटा चार-पाच अशा एकामागून एक येतात, मग समुद्र जरा दम खातो. त्या दमात होडी काढायची. हेही लोक तसेच काठावर उभे राहून लाटा मोजतात. पायांत रबरी वल्ही घातली की पुढे चालता येत नाही, म्हणून पाण्याकडे पाठ करून, मान वळवून समुद्रावर नजर ठेवून, उलटे चालत आत जातात. येताना लाटेने पाडले तर उठायची धडपड करायची नाही, सरळ रांगत यायचे. भाची म्हणाली, "मामा, इथं रांगण्यात कसली लाज? उभं राहायला जाणाराच पुन्हा पडतो."

सान कार्लोसला बांधाची आड असल्यामुळे लाट मऊ असते, तळ हळूहळू खोल होत जातो, आणि नवशिक्याला सांभाळून घेणारे पाणी मिळते. बांधाच्या कडेकडेने गेले की दगडांच्या फटींतून ऑक्टोपस आणि खेकडे दिसतात. तळावरच्या एका जुन्या नळाच्या मागाने पुढे गेले की सुमारे चाळीस-पन्नास फुटांवर समुद्रफुलांचे एक शेतच लागते. पांढरी, हात हातभर उंच, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी डोकी असलेली. फुले म्हणायची, पण ते आहेत प्राणी. भाची त्यांचे वर्णन करू लागली की तिला थांबवावे लागते.

पाणी बारमाही थंड, दहा ते पंधरा अंशांच्या आसपास. वसंतात वायव्येचे वारे सुटतात, ते वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात, आणि त्याच्या जागी खोलातले गार पाणी वर येते. त्या पाण्यात खत असते म्हणा ना. त्यावर सूक्ष्म वनस्पती अशा माजतात की पाणी हिरवे गढूळ होते, पुढे धरलेला हातही नीट दिसत नाही. त्या वनस्पतींवर बारीक मासळी, मासळीवर समुद्रसिंह. पुढे शरद ऋतू आला की वारे पडतात, समुद्र शांत होतो, पाणी निवळते. मॉन्टरेला बुडी मारायला सगळ्यांत चांगला काळ म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर. आणि विणीहून परतलेले नर येऊन थडकतात ते नेमके याच काळाच्या तोंडाशी. ज्या पाण्याने त्यांना बोलावले, त्याच पाण्याची शिकणारे लोक वर्षभर वाट पाहत असतात.

कोणी म्हणेल, एक पुळण बंद तर दुसरीकडे जा. इथेच खरी मेख आहे. शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्हचे काही किनारे उघड्या समुद्राला तोंड देणारे आहेत. तिथे लाट मनात आली तर झोडपते. पॉइंट लोबोस म्हणून एक सुंदर राखीव जागा आहे, पण तिथे आधी नाव नोंदवावे लागते आणि दिवसाला ठराविकच जोड्या पाण्यात सोडतात. कार्मेलजवळ मोनॅस्टरी नावाची पुळण आहे, म्हणजे मठाची पुळण. तिची वाळू एकदम उतरती, लाट पायाशीच येऊन फुटते, आणि तिथे इतकी माणसे दगावली आहेत की बुडी मारणारे तिला 'मठ' सोडून 'मुडदेघर' म्हणतात. तेव्हा सर्वांत सोपी पुळण बंद झाली की नवशिका माणूस अवघड पुळणीकडे ढकलला जातो. कुंपण जनावरांच्या आणि माणसांच्याही रक्षणासाठी घातले खरे, पण त्या कुंपणामुळे दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर धोका वाढू शकतो, हे तिथले जाणते शिक्षक ओळखून असतात. त्या सकाळी तिथे एक बाई सहा शिष्य घेऊन आल्या होत्या. शिष्यांतल्या एकाने विचारले, मठाच्या पुळणीवर जाऊ या का? बाईंनी नुसती मान हलवली, पण अशी की पुन्हा कोणी विचारले नाही.

मग हाकलत का नाहीत, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला. चार माणसे काठ्या घेऊन गेली तर तासात पुळण मोकळी होईल. पण तिथे १९७२ सालापासून समुद्री सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे. मारणे तर सोडाच, त्रास देणे, बिथरवणे, झोपमोड करणे हाही गुन्हा धरतात. किनाऱ्यावरच्या समुद्रसिंहापासून पन्नास यार्ड, म्हणजे सुमारे पंचेचाळीस मीटर दूर राहा, असे तिथले सरकारी खाते सांगते. त्या पुळणीवर पंचेचाळीस मीटर सोडायचे म्हटले तर पुळण उरतच नाही.

हा कायदा हवेतून आलेला नाही. त्याआधी शंभर-दीडशे वर्षे या जनावराला तेलासाठी मारले, कातड्यासाठी मारले. मिशांसाठीसुद्धा मारले, त्या राठ केसांनी चिलमीसारख्या नळ्या साफ करीत. आपली मासळी खातो म्हणून मच्छीमारांनी त्याला वैरी मानले, तो राग आजही सगळा गेलेला नाही. १९७५ च्या सुमारास अमेरिकेच्या किनाऱ्यावर हे प्राणी नव्वद हजारही नव्हते. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने २०१२ साली ते तीन लाखांवर गेले होते. नंतर समुद्र तापला, मासळी दूर गेली, पिले उपाशी मेली, आणि दोन वर्षांत आकडा पुन्हा बराच खाली आला. तरी एकंदरीत कायदा फळला असेच म्हणायचे. मॉन्टरेचीच दुसरी गोष्ट याला लावून बघा. ती पुळण ज्या रस्त्याच्या टोकाला आहे, तिथे एकेकाळी तारली डब्यांत भरण्याचे कारखाने ओळीने उभे होते. जॉन स्टाइनबेक या लेखकाने १९४५ साली त्या रस्त्यावर कादंबरी लिहिली आणि तो जगप्रसिद्ध झाला. पण ती छापून होते न होते तोच तारली संपू लागली. वारेमाप मासेमारी झाली आणि समुद्राचे मानही फिरले. कारखाने एकामागून एक बंद पडले. त्यांतल्या एका जुन्या कारखान्याच्या जागेवर १९८४ पासून मोठे मत्स्यालय उभे आहे. माशाला डब्यात भरणारे गाव आता मासा काचेतून बघायला तिकीट लावते. असो, आपण पुळणीकडे परत येऊ.

हाकलू नये याला दुसरेही कारण आहे. पाण्यात समुद्रसिंह खेळकर असतो. बुडी मारणाऱ्याच्या भोवती गिरक्या घेतो, तोंडासमोर येऊन बुडबुडे सोडतो. पण जमिनीवर, गर्दीत, झोपेतून दचकलेला साडेतीन क्विंटलचा नर ही वेगळी वस्तू आहे. शेकडो जनावरे एकदम उठून पाण्याकडे धावली तर मधे सापडलेल्याची धडगत नाही, मग तो माणूस असो वा त्यांच्यातलेच लहान जनावर. शिवाय आजार. आपल्या कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोची धास्ती असते, उंदराच्या मुतातून चिखलात येणारा ताप. श्रोतेहो, तोच लेप्टो या समुद्रसिंहांनाही होतो. त्याच्या साथी बहुधा उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात येतात, आणि तरुण नरांत अधिक दिसतात. ओल्या वाळूतून तो माणसाला आणि कुत्र्याला लागू शकतो. कोकणातला शेतकरी आणि कॅलिफोर्नियातला बुडी मारणारा एका रोगाला भितात, हे कळल्यावर मला ती पुळण एकदम जवळची वाटली.

आणखी एक विषाची गोष्ट सांगतो. मघाशी हिरवे पाणी म्हटले, त्यातली एक सूक्ष्म वनस्पती कधी कधी विष तयार करते. ते बारीक मासळीच्या पोटात साठते, मासळी खाल्ली की समुद्रसिंहाच्या मेंदूला चढते. त्याला झटके येतात, मान वेडीवाकडी हलते. १९९८ साली मॉन्टरे उपसागराच्या आसपासच्या किनाऱ्यावर चारशेहून अधिक समुद्रसिंह असे मेले, तेव्हा शास्त्रज्ञांना कारण सापडले. २०२३ आणि २०२५ साली दक्षिण कॅलिफोर्नियात पुन्हा मोठी लाट आली. २०२५ मध्ये तर बिथरलेल्या समुद्रसिंहांनी पाण्यातल्या माणसांना चावे घेतले. मॉन्टरेला मी पाहिलेला कळप असा आजारी नव्हता, नुसता सुस्त होता. पण कुंपणाबाहेरून बघणाऱ्याला कोणता निजला आहे आणि कोणता आजारी आहे, हे कसे कळावे?

सगळीकडे मात्र हा प्रश्न काही आठवड्यांत मिटत नाही. त्याच राज्याच्या दक्षिण टोकाला सान डिएगो शहरात ला होया म्हणून भाग आहे. तिथे १९३१ साली एलेन ब्राउनिंग स्क्रिप्स या दानशूर बाईंच्या पैशाने समुद्रात भिंत घालून मुलांना पोहायला एक सुरक्षित कुंड करून दिले. भिंतीने लाट अडली तशी वाळूही साचली, आणि सीलना ती जागा पसंत पडली. पुढे भांडणे झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्षानुवर्षे चालल्या. आता १५ डिसेंबर ते १५ मे, सीलच्या पिलांच्या दिवसांत, ती पुळण माणसांना बंद असते. जवळच्याच एका खडकाळ टोकावर समुद्रसिंह पिले घालतात. ती जागा २०२३ साली बारा महिने बंद करायचे ठरले, कारण लोक फोटोसाठी पिलांच्या अंगावर जाऊ लागले होते. मुलांसाठी बांधलेल्या कुंडात पाच महिने मुलांनी जायचे नाही, हे ऐकून मला त्या बाईंचे वाईट वाटले. आणि खरे सांगतो, भिंतीवरून ती पिले बघितली असती तर मी कोणत्या बाजूने बोललो असतो, याची मला खात्री नाही.

आपल्याकडे रानडुकरे भुईमूग उकरतात, तेव्हा शेतकरी विचारतो, जनावर राखायचे तर राखा, पण त्याचा खर्च माझ्याच पानातून का? हौसेची बुडी आणि पोटाचे शेत यांची बरोबरी मी करीत नाही. पण प्रश्नाचे बी एकच आहे. जनावर वाचले याचा आनंद साऱ्या राज्याला होतो, आणि त्याची किंमत देतो तो काठावरचा एखादा. त्या शिक्षिकाबाईंचा शिकवणीचा आठवडा बुडाला होता. त्या जनावरांना शिव्या देत नव्हत्या. पण "काही फार झालं नाही" असे कोणी म्हटलेले त्यांना आवडले नसते, हेही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. मला तो चेहरा रास्त वाटला. पुळण बंद करणे बरोबरच होते असे मी मानतो, आणि त्यात बाईंचे नुकसान झाले हेही तितकेच खरे मानतो.

पुळण कधी उघडणार, हे पाटीवर लिहिलेले नव्हते. लिहिणार तरी कोण? भाची हसून म्हणाली, "मामा, तारीख त्यांनाच विचारायला हवी." उत्तर म्हणून की काय, कळपातल्या एका थोराड नराने मान वर केली, आमच्याकडे पाहून दोनदा भुंकला, आणि शेजाऱ्याच्या पाठीवर पुन्हा डोके टेकले.

बाईंनी मग शिष्यांना घरी पाठवले नाही. कुंपणाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला त्यांना ओळीने उभे केले आणि दूर बांधाच्या टोकाकडे बोट दाखवले. तिथे लाटा खडकावर फुटत होत्या. मोजा, म्हणाल्या, किती मोठ्या, मग किती लहान, आणि मधे किती दम. पोशाख गाडीत तसेच पडलेले, आणि ती सहा तरणी माणसे मुलांच्या शाळेतल्यासारखी बोटांवर मोजू लागली. पहिल्या खेपेला सहाजणांची सहा उत्तरे आली. बाई म्हणाल्या, पुन्हा.